जपानी शिकायला सुरुवात करायची आहे: पुस्तक कोणतं धरू, पद्धत कोणती?

उद्यमबाग_दुसरी_पाळी

नमस्कार मंडळी,

मी बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. दोन वर्षांमागे मालकांनी एक जुनं जपानी ग्राइंडिंग मशीन आणलं. मशीन सोन्यासारखं चालतंय, पण पॅनेलवर सगळं जपानीत. आधीच्या ऑपरेटरनं पट्ट्यांखाली मार्करनं 'चालू', 'बंद', 'ऑइल' असं लिहून ठेवलं होतं, तेही आता पुसत आलंय. रोज ती अक्षरं बघून मनात बसलं की हे आपल्याला वाचता आलं पाहिजे. आता नुसतं पॅनेल नाही, भाषाच शिकायची आहे. जमलं तर डिसेंबरला जेएलपीटीची, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेची, एन५ ही सगळ्यात खालची पायरी द्यायचा विचार आहे.

अडचण अशी की तीन महिने मी फक्त सामान गोळा करतोय. 'मिन्ना नो निहोंगो' विकत घेतलं, 'गेंकि' मित्राकडून आणलं, 'इरोदोरि' उतरवून घेतलं, फोनवर चार ॲप आहेत. प्रत्येकाचा पहिला-दुसरा धडा झालाय, तिसऱ्याला कुठंच पोचलो नाही.

एकच धरायचं तर कोणतं? रोमन अक्षरांतून सुरुवात करावी की थेट त्यांच्या लिपीतून? क्लासशिवाय जमतं का? माझी पाळी रात्री साडेअकराला सुटते, संध्याकाळचा क्लास शक्य नाही. आणि मराठीतून काही आहे का? दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढं डिप्लोमा. इंग्रजी वाचतो, पण इंग्रजीतलं व्याकरण वाचून जपानी समजून घ्यायचं म्हणजे बेळगावाहून खानापूरला हुबळीवरून गेल्यासारखं वाटतंय.

कुंदाप्रेमी

मी पण याच रांगेत आहे. धागा पकडून बसतो.

दुसरं_रेल्वे_गेट

दादा, तुमच्याकडे जे आहे ते सगळंच चांगलं आहे, अडचण तिथंच झालीय. मी एन३ पर्यंत आले आहे. पहिली दोन वर्षं एकटीनं केली, पुढं पुण्याच्या एका बाईंकडे ऑनलाइन. त्या अनुभवावरून सांगते.

'मिन्ना' दोन भागांत, एकूण ५० धडे. मुख्य पुस्तक पूर्ण जपानीत असतं, शब्दार्थ आणि व्याकरणाचं पुस्तक वेगळं घ्यावं लागतं. खूपजण फक्त मुख्य पुस्तक आणतात आणि पहिल्या पानावर थांबतात. तुमच्याकडे दोन्ही आहेत का बघा. पहिल्या २५ धड्यांत एन५ चा बहुतेक भाग येऊन जातो. 'गेंकि'चे दोन भागांत २३ धडे. समजावणी त्याच पुस्तकात, सविस्तर, पण इंग्रजीत, आणि त्यातली माणसं कॉलेजातली मुलं आहेत. एकट्यानं शिकणाऱ्याला 'गेंकि' जास्त सांभाळून घेतं हे मान्य. 'इरोदोरि' जपान फाउंडेशनचं, ऑडिओसकट फुकट, जपानमध्ये राहून काम करणाऱ्यांसाठी केलेलं. त्यात व्याकरणापेक्षा दुकानात, दवाखान्यात, कामावर काय बोलायचं याला वजन.

तुम्ही 'मिन्ना' धरा. त्यातली बरीच माणसं कंपनीत नोकरी करणारी आहेत, 'मी कंपनीत आहे' हे वाक्य ओळखीच्या धड्यातच येतं. तुमच्या कामाचं पुस्तक तेच. बाकीची दोन कपाटात ठेवा, १० धडे होईपर्यंत कपाट उघडू नका. ॲपमधलं एकच ठेवा, शब्दांच्या उजळणीसाठी. मी अंकि वापरते, अँड्रॉइडवर फुकट आहे. विसरायच्या बेताला आलेला शब्द ते नेमका पुढं आणतं. रोज १० नवे शब्द, जास्त नाही. ३० घेतले की पंधरा दिवसांत उजळणीचा डोंगर होतो आणि माणूस ॲपच उघडत नाही. माझ्या दोन मैत्रिणी तिथंच थांबल्या.

आणि रोमन नको. त्यांच्या उच्चाराच्या दोन लिप्या: हिरागाना ४६ अक्षरं, काताकाना ४६. दिवसाला पाच अक्षरं म्हटली तरी तीन आठवड्यांत दोन्ही होतात.

निपाणीकर

लिपीची एवढी घाई मला पटत नाही ताई. मी तंबाखूच्या व्यापारातला माणूस, वय ५४. मला परीक्षा द्यायची नाही, बोलायचं होतं. मी सगळं देवनागरीत लिहून घेतलं. सहा महिन्यांत साधं बोलणं जमलं. आपली लिपी उच्चाराला एवढी जवळ असताना आधी नवी अक्षरं गिरवत का बसायचं?

जाता जाता एक गंमत. त्यांच्याकडे तंबाखूला 'ताबाको' म्हणतात. पोर्तुगीजांनी तिकडंही नेला आणि इकडंही आणला. ब्रेडला ते 'पान' म्हणतात, आपण 'पाव', दोन्ही पोर्तुगीजच. साबणाचंही तसंच, त्यांचा जुना शब्द 'शाबोन'. गोव्याच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला हे तीन शब्द पाठ करावे लागत नाहीत.

मलप्रभाकाठी

निपाणीकर साहेब, तुमचं अर्धं पटलं, अर्धं नाही. मी खानापूर तालुक्यात शिक्षक आहे, मराठी आणि कन्नड दोन्ही शिकवलंय. जपानी गेली चार वर्षं स्वतःच्या आनंदासाठी करतो.

देवनागरी रोमनपेक्षा कितीतरी जवळची आहे, खरं आहे. त्यांचं 'त्सु' हे अक्षर रोमनमध्ये वाचून लोक अडखळतात. आपण 'चूल' म्हणताना जो दंत्य च येतो तोच तो आवाज. त्यांचा सुटा 'न' हा तर चक्क आपला अनुस्वार. वर्तमानपत्राला 'शिंबुन' म्हणतात, तिथं तो म् होतो, क-ग पुढं आला की ङ् होतो, त-द पुढं न्. अंबा, अंक, अंत म्हणताना आपण हे न शिकता करतो. जोडाक्षर तसंच: 'किते' म्हणजे येऊन, 'कित्ते' म्हणजे टपालाचं तिकीट. सत्ता आणि सता यांतला फरक ज्याच्या कानाला कळतो त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

पण देवनागरी एका जागी दगा देते. त्यांचा 'आ' आपल्या आ सारखा उघडा, पण लांबी मात्र आपल्या अ एवढी. तो दुप्पट लांबला की शब्द बदलतो. 'ओबासान' म्हणजे मावशी-काकू, 'ओबाऽसान' म्हणजे आजी. देवनागरीत वाचणारा मराठी माणूस दोन्ही सारखंच म्हणतो, आणि चाळिशीच्या बाईंना आजी करून मोकळा होतो. मी वर लिहिलाय तसा अवग्रह लावून काही दिवस भागवता येतं. 'फु'चंही तसंच, तो ना आपला फ ना ह. दिवा फुंकताना ओठ जसे जवळ येतात तसा म्हणायचा. म्हणून देवनागरी पहिले दोन आठवडे कुबडी म्हणून घ्यावी, मग टाकावी.

दुसरं म्हणजे हिरागाना अवघड वाटायचं कारणच नाही. त्यांचा वर्णक्रम बघा: आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ओळखीचा वाटतो ना? बौद्ध धर्माबरोबर संस्कृतची वर्णमाला तिकडं पोचली, तिच्या अभ्यासातून हा क्रम बसला. आपण बाराखडी घोकलेली माणसं. इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकात तो तक्ता नुसता तक्ता असतो, आपल्याला तो चालीवर म्हणता येतो.

दुसरं_रेल्वे_गेट

@मलप्रभाकाठी सर, अनुस्वाराचं माझ्या बाईंनी पण असंच सांगितलं होतं! हे पुस्तकात कुठंच नाही.

@निपाणीकर काका, तुमचं बोलणं जमलं हे छान. पण उद्यमबागवाल्या दादांना पॅनेल वाचायचं आहे. त्यांना लिपीपासून सुटका नाही.

निपाणीकर

हे मान्य. पॅनेल विसरलो होतो.

चोर्ला_घाट

लिपी शिकायची भीती आपल्याकडच्या माणसाला कशाला? आपण सगळ्यांनी घरच्या लिपीशेजारी एक लिपी आधीच शिकलीय. मी शाळेत कन्नड अक्षरं नीट शिकलो नाही, बसच्या पाट्यांवर शिकलो. संकेश्वर, हुक्केरी, गोकाक, बैलहोंगल. नाव माहीत असायचं, पाटी समोर असायची, अक्षर आपोआप बसायचं. काताकाना मी तसाच केला. जपानी मोटरसायकल कंपन्यांची नावं काताकानात कशी लिहितात ते काढलं आणि वहीत उतरवलं. १० नावांत निम्मी अक्षरं आली.

कांजीला, म्हणजे अर्थ दाखवणाऱ्या चिन्हांना, घाबरतात लोक. रोजच्या वापरासाठी सरकारनं ठरवलेल्या कांजी २,१३६, हा आकडा ऐकूनच पुस्तक मिटतात. एन५ ला साधारण १०० पुरतात. आणि ती चित्रं आहेत हो! झाडाचं एक चिन्ह, दोन शेजारी काढली की राई, तीन काढली की जंगल. माणूस झाडाला टेकला की 'विश्रांती'. माझी सगळ्यात आवडती सांगतो, एन५ ला नाही ती, पण आपल्यासाठीच केल्यासारखी आहे. डावीकडे डोंगर, उजवीकडे 'वर' आणि त्याखाली 'खाली'. उच्चार 'तोऽगे'. अर्थ घाट! वर चढायचं, खाली उतरायचं. ही चीनहून आलेली नाही, जपान्यांनी स्वतः तयार केलेली. चोर्ल्याच्या माथ्यावर गाडी थांबवून मी ती धुक्यात काचेवर बोटानं काढलीय.

@उद्यमबाग, पॅनेलवर चालू-बंदच्या बटणाजवळ कोणती चिन्हं आहेत? जुन्या मशीनवर बहुतेक 'इरि' आणि 'किरि' असतं. इरि म्हणजे आत येणं, तेच चालू. किरि म्हणजे कापणं, तेच बंद. किरिमध्ये डावीकडे सात या आकड्याचं चिन्ह आणि उजवीकडे तलवार, तीच ती 'काताना'.

उद्यमबाग_दुसरी_पाळी

आत्ता सुट्टीत जाऊन बघितलं. आहे! तलवार आहे! दोन वर्षं त्या बटणावर बोट ठेवतोय.

कुंदाप्रेमी

अंगावर काटा आला राव.

पहाटेचा_चहा

परीक्षेचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. जेएलपीटी वर्षातून दोनदा असते, जुलै आणि डिसेंबरचा पहिला रविवार. बेळगावात केंद्र नाही. आपल्याला पुणं किंवा बेंगळुरू. मी पुण्याला दिली. रात्रीच्या बसनं निघून पहाटे स्वारगेटला उतरलो, न झोपता पेपरला बसलो. तसं करू नका. आदल्या दिवशी दुपारी पोचा आणि झोप काढा.

एन५ ला १८० पैकी ८० लागतात. मला ८० च्या वर होते. तरी नापास झालो. कारण ऐकण्याच्या भागात ६० पैकी किमान १९ स्वतंत्रपणे लागतात, तिथं मी कमी पडलो. लिहायचं काही नसतं, बोलायचं काही नसतं, सगळे पर्याय निवडायचे, त्यामुळं मी वाचण्यावरच भर दिला होता. ऑडिओ एकदाच वाजतो. एक शब्द कळला नाही म्हणून त्याच्यावर विचार करत बसलो आणि पुढची दोन वाक्यं निघून गेली. त्या हॉलमध्ये बसून मला पहिल्यांदा कळलं की मी कागदावरची भाषा शिकलो, आवाज शिकलोच नाही. फार वाईट वाटलं होतं.

नंतर पद्धत उलटी केली. धड्याचा ऑडिओ आधी, पुस्तक मिटून, तीनदा. मग पुस्तक उघडून. मग ऑडिओच्या मागोमाग मोठ्यानं, अर्ध्या शब्दाचं अंतर ठेवून. याला शॅडोइंग म्हणतात. पहाटे वॅक्सिन डेपोच्या झाडीत फिरायला जातो, तिथं कुणी नसतं, मोठ्यानं म्हणता येतं. पुढच्या वेळी ऐकण्यातच सगळ्यात जास्त गुण आले.

एनएचके वर्ल्डचे सोपे जपानी धडे फुकट आहेत, हिंदीतूनही आहेत. मराठी नाही, पण इंग्रजीपेक्षा जवळ पडतं.

दुसरं_रेल्वे_गेट

@पहाटेचा_चहा हे वाचून बरं वाटलं, म्हणजे तुमचं दुःख नाही, पद्धत. दादा, यांचं ऐका. 'मिन्ना'चा ऑडिओ नक्की वापरा.

चिकोडीची_लेक

मी नर्सिंग केलंय. जपानमध्ये वृद्धांच्या सेवेच्या कामासाठी तयारी चालू आहे, त्याला कैगो म्हणतात. माझं म्हणणं वेगळं आहे. कशासाठी शिकताय त्यावर पुस्तक ठरतं. कामाच्या 'तोकुतेइ गिनोऽ' व्हिसासाठी एन५ पुरत नाही. एन४ लागते नाहीतर जेएफटी-बेसिक ही दुसरी भाषापरीक्षा, शिवाय त्या कामाची परीक्षा, आणि कैगोला सेवेच्या जपानीची आणखी एक. त्यामुळं मी 'इरोदोरि' धरलं आणि मला ते 'मिन्ना'पेक्षा लवकर बोलतं करून गेलं. 'कुठं दुखतंय', 'हळू उठा', 'पाणी देऊ का' हे मला २५ धड्यांनंतर नको, आत्ता हवं.

आणि कृपा करून सगळ्यांनी हे वाचा. आमच्या भागात एका एजंटानं 'सहा महिन्यांत जपान' म्हणून माझ्या मैत्रिणीकडून आगाऊ पैसे घेतले, शिकवायला म्हणून एक रोमन अक्षरांतली झेरॉक्स दिली. तिचे पैसेही गेले आणि वर्षही. परीक्षा स्वतः पास व्हावी लागते, ती कुणी पैशावर देत नाही. जो आधी पैसे आणि मग भाषा म्हणतो त्याच्याकडे जाऊ नका.

निपाणीकर

@चिकोडीची_लेक बाळा, मैत्रिणीला सांग, हिंमत सोडू नको म्हणावं. पोलिसात तक्रार दिली का?

चिकोडीची_लेक

दिली काका. आणि ती आता माझ्याबरोबर परत शिकतीय, पहिल्यापासून. लिपीपासून.

गल्लीतला_आवाज

शीर्षकात 'बेळगावी' घाला की 'बेळगाव', कुणी ठरवलं? आधी ते

व्यवस्थापक

वरच्या विषयाला स्वतंत्र धागा आहे. इथं जपानीवरच बोलूया.

मलप्रभाकाठी

परत व्याकरणाकडे येतो, कारण मूळ प्रश्नात हुबळीवरून खानापूरला जायची गोष्ट होती आणि ती मला फार लागली.

इंग्रजी पुस्तकं जपानी व्याकरण इंग्रजी माणसाला समजावतात. त्याला क्रियापद शेवटी येतं हे नवल. आपल्याला काय त्याचं? शब्दाच्या मागं प्रत्यय लागतो हे त्याला नवल. 'बेळगाव कारा पुणे मादे' म्हणजे बेळगावाहून पुण्यापर्यंत, एकास एक. 'नो' म्हणजे चा-ची-चे, आणि तोही लिंग न बदलता. प्रश्न करायचा तर वाक्याच्या शेवटी 'का'. 'इकिमास का?' जाता का? याहून काय सोपं हवं!

इंग्रजी पुस्तकात एक अख्खा धडा असतो, नामाच्या आधी वाक्य कसं ठेवायचं त्यावर. 'किनोऽ कात्ता होन'. किनोऽ काल, कात्ता घेतलं, होन पुस्तक. काल घेतलेलं पुस्तक. आपण तसंच बोलतो, धडा संपला.

आणि सगळ्यात मोठी ठेव ही: 'ताबेते मिरु' म्हणजे शब्दशः खाऊन बघणं. 'कात्ते ओकु' घेऊन ठेवणं. 'ताबेते शिमाउ' खाऊन टाकणं. 'मोत्ते कुरु' घेऊन येणं. इंग्रजीत याला लांबलचक नावं देऊन तक्ते करतात. कन्नडमध्येही तेच, 'तिंदु नोडु', 'तगोंडु बा'. आपल्या भागात दोन्ही भाषा कानावर असतात, म्हणजे ही रचना आपल्याकडे दोनदा आहे.

माणसं मोजताना बघा. त्यांच्याकडे हितोरि, फुतारि, सान्निन. एकटा, दोघं, तिघं. कन्नडमध्ये ओब्बरु, इब्बरु, मूवरु. नातीसुद्धा. मोठा भाऊ आनि, धाकटा ओतोऽतो, मोठी बहीण आने, धाकटी इमोऽतो. मराठीत भाऊ म्हटलं की मोठा की धाकटा विचारावं लागतं. कन्नड बोलणाऱ्याला विचारावं लागत नाही: अण्णा, तम्मा, अक्का, तंगी. माझा चौथीतला एक कन्नड घरचा विद्यार्थी हे ऐकून म्हणाला, सर, मग जपानी आमचीच आहे की.

चोर्ला_घाट

त्या पोराला माझ्याकडून एक कुंदा.

कुंदाप्रेमी

कुंद्याचं माझ्यावर सोडा.

दुसरं_रेल्वे_गेट

सर, सगळं सुंदर. एकच सावधगिरीची गोष्ट सांगते. 'वा' (विषय दाखवणारा) आणि 'गा' (कर्ता दाखवणारा) या दोन प्रत्ययांना मराठीची शिडी अर्ध्यातच संपते. 'वा'ला कधी कधी 'तर' बसतं: मी तर जपानी शिकतोय. पण प्रत्येक वाक्यात 'तर' घालून बघायला गेलात की गोंधळ. मी पहिलं वर्ष प्रत्येक जपानी वाक्य मराठीत करूनच समजून घ्यायचे. बोलायची वेळ आली की आधी मराठी वाक्य, मग त्याचं जपानी, आणि तोवर समोरचा पुढं निघून गेलेला. म्हणून नवी रचना कळायला मराठी घ्या, आणि कळली की लगेच पाच-दहा वाक्यं नुसती जपानीत म्हणा, मराठी मनात येऊ न देता.

मलप्रभाकाठी

हे पूर्ण मान्य. मी वर्गात कन्नड शिकवताना हेच सांगतो आणि इथं सांगायचं राहिलं.

निपाणीकर

रिक्षा शब्द जपानी आहे हे कुणी सांगितलं का? जिन म्हणजे माणूस, रिकि म्हणजे बळ, शा म्हणजे गाडी. जिनरिकिशा, माणसाच्या बळावरची गाडी. पुढचा 'जिन' गळाला. धर्मवीर संभाजी चौकात उभं राहून रोज शेकडो माणसं जपानीत हाक मारतात.

हिंडलग्याचे_आजोबा

सर्व मुलांना आशीर्वाद. मी ६८ वर्षांचा. मुलगा, सून आणि नातू नागोयात असतात. नातू साडेपाच वर्षांचा, बालवाडीत जातो, माझ्याशी मराठी बोलतो पण मध्येच जपानी शब्द येतात आणि मला ते कळत नसत. त्याला प्रत्येक वेळी 'म्हणजे काय रे' विचारायचं मला बरं वाटेना. म्हणून गेल्या गणपतीपासून सुरुवात केली.

पुस्तक मुलानं पाठवलं, पण खरं शिक्षण नातवाकडून झालं. रोज १० मिनिटं फोनवर. तो बोलतो, मी वहीत लिहितो. वही गणिताची, चौकडीची. एका चौकटीत एक अक्षर नीट बसतं, कुणाला सुचलं नसेल तर जरूर घ्या.

परवा तो बालवाडीला निघाला होता. दारातून ओरडला, 'इत्ते किमास!' मी वहीत लिहून घेतलं आणि नंतर एकेक शब्द सोडवला. इत्ते, जाऊन. किमास, येतो. जाऊन येतो! माझी आई मला दारातून कधी 'जातो' म्हणू देत नसे. 'जातो म्हणू नये, येतो म्हणावं.' शेजारच्या अज्जी त्यांच्या मुलांना 'होगि बर्तिनि' म्हणायला लावायच्या. तेही तेच, जाऊन येतो. आणि घरातल्यांनी उत्तर द्यायचं 'इत्ते इराश्शाइ', म्हणजे जाऊन या. माझा नातू तिकडं दारात उभा राहून माझ्या आईचं वाक्य बोलतोय, आणि त्याला ते माहीतही नाही. त्या दिवशी मी फोन ठेवून बराच वेळ बसून राहिलो.

परीक्षा वगैरे मला काही द्यायची नाही. फेब्रुवारीत जायचं आहे.

दुसरं_रेल्वे_गेट

आजोबा, डोळ्यांत पाणी आलं. नागोयाला उतरलात की दारात शिरताना 'तादाइमा' म्हणा. म्हणजे 'मी आलो'. नातू आपोआप 'ओकाएरि' म्हणेल.

हिंडलग्याचे_आजोबा

लिहून घेतलं बाळ. तादाइमा.

पहाटेचा_चहा

@हिंडलग्याचे_आजोबा चौकडीच्या वहीबद्दल धन्यवाद. आजच आणतो.

कुंदाप्रेमी

@उद्यमबाग, तुमचं काय ठरलं? सहा आठवडे झाले. मी हिरागाना पूर्ण केली, काताकाना निम्मी.

उद्यमबाग_दुसरी_पाळी

उशीर झाला, माफ करा. शिपमेंट होतं.

'मिन्ना' धरलं. व्याकरणाचं पुस्तक खरंच माझ्याकडं नव्हतं, ते मागवलं. बाकीची दोन मित्राला आणि भाच्याला देऊन टाकली, घरात असती तर उघडली असती. तीन ॲप काढली. सकाळी साडेआठ ते सव्वानऊ अभ्यास, कारण रात्री पाळीवरून आल्यावर डोकं चालत नाही हे दोन आठवड्यांत कळलं. ऑडिओ आधी, पुस्तक नंतर, पहाटेचा चहा यांनी सांगितलं तसंच. जाताना स्कूटरवर ऐकत नाही, शॉपच्या फाटकाशी १० मिनिटं लवकर पोचतो आणि तिथं उभा राहून म्हणतो. वॉचमन काकांना 'ओहायोऽ' पाठ झालंय. आज धडा सातवा संपला.

मलप्रभाकाठी सरांचं 'खाऊन बघणं' वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय. ती रचना पुस्तकात अजून आलेली नाही, पण आली की मला आधीच येणार.

पॅनेलचं सांगतो. मार्करचं पुसलेलं परत गिरवलं नाही. लाल बटणावरची चार अक्षरं 'हिजोऽ तेइशि', आणीबाणीत थांबवणं, शेवटचं अक्षर 'थांबणे'. फिरत्या स्विचच्या दोन बाजूंना 'जिदोऽ' आणि 'शुदोऽ'. दुसरं अक्षर दोन्हीकडं एकच, हलणं. पहिलं एकीकडं 'आपण' आणि दुसरीकडं 'हात'. आपोआप आणि हातानं. नव्या हेल्परला मी परवा हे दाखवलं, त्यानं हात स्वतःच्या डोळ्यापुढं धरून बघितला आणि मग अक्षर बघितलं.

एक पट्टी राहिलीय. दोन अक्षरं आहेत. पहिल्याच्या डाव्या बाजूला पाण्याचे तीन थेंब आहेत. दुसऱ्याला वर आणि डावीकडे कड्यासारखी रेघ आणि आत 'माती'. कुणाला ओळखता येईल का?

चोर्ला_घाट

शेजारी गेज आहे का?

उद्यमबाग_दुसरी_पाळी

होय. गेजच्या बरोबर वर.

चोर्ला_घाट

मग 'युआत्सु'. पहिलं तेल, दुसरं दाब. हायड्रॉलिक प्रेशर.